परीक्षा कोणाची? गप्प देव आणि गप्प बसणारे आपण

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीतला २४ वर्षांचा एक मुलगा सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेला. एका सोसायटीची टाकी तुंबली होती. ठेकेदाराने वस्तीतली दोन पोरे नेली. मास्क नाही, कमरेला दोर नाही, बाहेर मशीन नाही. पहिला उतरला तो वर आलाच नाही. दुसरा त्याला ओढायला वाकला आणि चक्कर येऊन काठावरच पडला, म्हणून वाचला.

अंत्ययात्रा निघायच्या आधी ठेकेदार घरी आला. त्याने हात जोडले, मुलाच्या आईच्या पायाशी एक पाकीट ठेवले आणि म्हणाला, "देवाच्या मर्जीपुढं कुणाचं चालतंय, मावशी? त्याच्यावर भरवसा ठेवा. तो सगळं बघतोय."

आम्ही चारपाच कार्यकर्ते तिथेच उभे होतो. ते वाक्य आमच्या कानात अजून वाजते. मास्क न देणारा माणूस देवाची मर्जी सांगत होता. टाकीत विषारी वायू आहे की नाही हे न तपासणारा माणूस सांगत होता की वरचा सगळे बघतो आहे. आणि दारात जमलेले लोक माना डोलवत होते.

त्या वाक्याचा पंचनामा करायला आम्ही हा लेख लिहितो आहोत. शेवटी थोडा पंचनामा आपलाही करायचा आहे. तो टाळून चालणार नाही.

देव गप्प असतो, त्याचे प्रवक्ते गप्प नसतात

संकटात माणूस देवाला हाक मारतो. उत्तर येत नाही. इथपर्यंतची गोष्ट साधी आहे आणि ती प्रत्येक घरात घडलेली आहे. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. उत्तर आले नाही याचा अर्थ कोणीतरी येऊन सांगतो. तो अर्थ सांगणारा देव नसतो. तो पुजारी असतो, बुवा असतो, कीर्तनकार असतो, मोबाईलवर सकाळी सुविचार पाठवणारा नातेवाईक असतो आणि कधी कधी ठेकेदारही असतो.

हे अर्थ साधारण तीन प्रकारचे असतात.

पहिला : देव परीक्षा बघतो आहे. दुसरा : हे मागच्या जन्मीचे भोग आहेत. तिसरा : त्याच्या मनात काहीतरी मोठे आहे, आपल्या बुद्धीला ते कळणार नाही.

तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. तिन्ही उत्तरे मान्य केली की चौकशी संपते. परीक्षा असेल तर परीक्षार्थ्याने प्रश्नपत्रिकेवर प्रश्न विचारायचा नसतो. मागच्या जन्मीचे भोग असतील तर या जन्मातला आरोपी सुटतो. आणि योजना अगम्य असेल तर एफआयआर कोणावर करायचा?

समाजशास्त्र शिकताना आम्ही मॅक्स वेबर वाचला. जगात अन्याय का आहे, याचे समर्थन प्रत्येक धर्माला द्यावे लागते, असे तो मांडतो. ते समर्थन सुखी माणसाला सांगते की तुझे सुख तुला हक्काने मिळाले आहे, आणि दुःखी माणसाला त्याच्या दुःखाचा अर्थ पुरवते. या सगळ्या समर्थनांत कर्मसिद्धांत सर्वात सुसंगत आहे, असे त्याचे म्हणणे. सुसंगत म्हणजे न्याय्य नव्हे. सुसंगत म्हणजे त्यात फट नाही. कुठूनही निसटता येत नाही.

बाबासाहेबांनी ती फट पाडली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची तपासणी करताना ते नेमक्या जागी बोट ठेवतात. गरिबाची अवस्था त्याच्याच पूर्वकर्माचे फळ आहे असे एकदा ठरवले की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, असा त्यांचा मुद्दा आहे. ठेकेदाराच्या हात जोडण्यात नेमके हेच होते. तो शोक करत नव्हता, जबाबदारी झटकत होता.

काळारामाच्या दारात परीक्षा कोणाची होती?

'देव परीक्षा बघतो' हे वाक्य आमच्या लोकांना सांगणाऱ्यांनी एकदा नाशिकला जाऊन यावे.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष रांगेने मंदिराकडे निघाले. दरवाजे बंद. सत्याग्रहींच्या तुकड्या दारांसमोर बसल्या. उन्हात बसल्या, पुढे तुरुंगातही गेल्या. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ निघाला तेव्हा रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असे ठरले होते. तो शब्द मोडला गेला आणि दगडफेक झाली. आत राम होता. बाहेर त्याचे नाव घेणारी माणसे रक्ताळत होती. राम काही बोलला नाही. पाच वर्षे हा लढा वेगवेगळ्या टप्प्यांनी चालला. पाच वर्षे आतून आवाज आला नाही.

भाविक भाषेत बोलायचे तर याहून मोठी परीक्षा कोणती? याहून मोठा भरवसा कोणता? दादासाहेब गायकवाडांसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. मग त्या परीक्षेचा निकाल कुठे लागला?

पण बाबासाहेबांनी ही परीक्षा पहिल्याच दिवशी उलटी करून ठेवली होती. मंदिरात जाऊन आपले प्रश्न सुटणार नाहीत हे त्यांनी सत्याग्रह सुरू करतानाच सांगितले होते. आपले प्रश्न राजकीय आहेत, सामाजिक आहेत, आर्थिक आहेत. या सत्याग्रहात कसोटी लागणार आहे ती हिंदू मनाची. ते मन समोरच्याला माणूस मानायला तयार आहे का, एवढेच बघायचे आहे.

पुढे ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी दादासाहेबांना ही शक्ती आता शिक्षण आणि राजकारणाकडे वळवायला सांगितले. लोकांनी मूर्तीची पूजा करावी म्हणून आपण हा लढा सुरू केला नव्हता, तर लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावे म्हणून केला होता, असा त्या पत्राचा आशय आहे. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा झाली.

म्हणजे काळारामच्या दारात परीक्षा झाली हे खरे. पण परीक्षार्थी आपण नव्हतो. परीक्षा दार लावून घेणाऱ्यांची होती आणि ते नापास झाले. आजही संकट आले की पहिला प्रश्न हाच विचारावा : इथे परीक्षा कोणाची चालली आहे? सेप्टिक टँकच्या काठावर परीक्षा त्या आईच्या श्रद्धेची नव्हती. ती ठेकेदाराची होती, सोसायटीच्या कमिटीची होती, महानगरपालिकेची होती आणि पोलीस ठाण्याची होती.

भिंत का पडली?

संतांचे नाव घेऊन आम्हाला गप्प करणारे असतात. "चोखोबांनी एवढं सोसलं, पण विठ्ठलावरचा भरवसा सोडला नाही," असे ते सांगतात. चोखोबांबद्दल आम्हाला आदर आहे. चौदाव्या शतकात देवाला तोंडावर जाब विचारणारा तो माणूस होता. पण त्यांच्या मृत्यूची गोष्ट नीट ऐका. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांसोबत चोखोबा गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या. समाधी बांधली गेली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर.

अस्थींमधून विठ्ठलाचे नाव ऐकू येत होते म्हणून त्या ओळखता आल्या, अशी आख्यायिका आहे. शतकानुशतके लोक ती डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना गावकुस बांधायला का लावले, हा प्रश्न त्या कीर्तनात येत नाही. भिंत का पडली, कोणी बांधून घेतली, सोबत मेलेल्या मजुरांची नावे काय, त्यांच्या बायकापोरांना काय मिळाले, यातले काहीच येत नाही. हाडांमधले नाव ऐकू आले. भिंतीखालच्या माणसांची हाक मात्र कोणाला ऐकू आली नाही.

आणि ज्या पंढरपुरात चोखोबांच्या वंशजांना आत जायला बंदी होती ते मंदिर उघडले केव्हा? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. विठ्ठल विटेवरून उतरून दार उघडायला आला नाही. माणसाने प्राण पणाला लावले, माणसांवर दबाव आला आणि माणसांनी कुलूप काढले.

पैलतीराला हाका मारणारा माणूस

तथागतांकडे हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी आला होता. त्यांची उत्तरे इतकी साधी आहेत की कोणत्याही वस्तीतल्या आजीला समजावीत.

वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण ब्रह्माकडे जाण्याचा खरा मार्ग कोणता यावर वाद घालत त्यांच्याकडे आले. तथागतांनी त्यांना आधी विचारले, ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिलेला कोणी आहे का? नव्हता. मग त्यांनी अचिरवती नदीचा दाखला दिला. नदी दुथडी भरली आहे. एकाला पलीकडे जायचे आहे. तो अलीकडच्या काठावर उभा राहून पैलतीराला हाका मारतो, विनवण्या करतो, स्तुती करतो. पैलतीर अलीकडे येईल का?

दुसरा दाखला डोहातल्या दगडाचा. एका माणसाने मोठा दगड डोहात टाकला. गावातली माणसे जमली, डोहाभोवती हात जोडून फिरू लागली आणि प्रार्थना करू लागली की दगडा, वर ये. दगड वर येईल का?

या दोन गोष्टींत देवाला शिवी नाही. भक्ताची टिंगलही नाही. कारण आणि परिणाम यांचे नाते आहे, एवढेच. पैलतीरावर जायचे तर नाव लागते, वल्ही लागतात, पोहणारी माणसे लागतात. टाकीत उतरणारा माणूस जिवंत वर यायचा असेल तर मशीन लागते, आणि त्याने उतरूच नये यासाठी कायद्याची अंमलबजावणी लागते. हायड्रोजन सल्फाइड वायू प्रार्थना ऐकत नाही. त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे धोका आहे हेही उतरणाऱ्याला कळत नाही. हे ज्ञान त्या पोराला कोणी दिले नव्हते. त्याला उतरण्याआधी टाकीला नारळ फोडायला मात्र सांगितले होते.

"पण श्रद्धेने बळ मिळते त्याचे काय?"

आमच्या विरोधकांचा सर्वात सबळ मुद्दा हा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणा ठरेल. ते म्हणतात, देव बोलो न बोलो, त्याच्यावरचा भरवसा माणसाला उभे ठेवतो. ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याच्याकडून तोही का काढून घेता?

बाबासाहेबांनी हा मुद्दा हलक्यात घेतला नव्हता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी स्वच्छ सांगितले की गरिबाला धर्माची गरज असते, कारण माणूस आशेवर जगतो. म्हणजे आशा लागते, आधार लागतो, हे मान्य. प्रश्न एवढाच की आशा कशावर ठेवायची? जे ऐकत नाही त्याच्यावर, की जे बदलता येते त्याच्यावर?

बाबासाहेबांच्या घरातली दुःखे मोजून बघा. चार लेकरे गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. पुत्रशोकाची ही जखम ओली असतानाच २० मार्च १९२७ ला ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. पाच महिन्यांच्या आत येवल्याची घोषणा झाली. रमाईंना पंढरपूरला जायची ओढ होती. जिथे तुला दारातून परत पाठवतील तिथे जाऊन काय करायचे, आपण आपल्या कामातून दुसरे पंढरपूर उभे करू, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उत्तर सांगितले जाते. ते उत्तर देणारा नवरा कठोर नव्हता. त्यालाही दुःख होते. पण दुःखाला त्याने वर पाठवले नाही, पुढे नेले.

आणखी एक फरक करायला हवा. मृत्यू दोन प्रकारचे असतात. म्हातारपणाने, असाध्य आजाराने येणारा मृत्यू निसर्गाचा भाग आहे. तिथे देव मानणारा आणि न मानणारा दोघेही हतबल असतात, आणि तिथे कोणी हात जोडले तर आम्ही हात धरायला जाणार नाही. पण खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला जे झाले तो निसर्ग नव्हता. टाकीतला मृत्यू निसर्ग नव्हता. सर्पदंश झालेल्या बाईला दवाखान्याऐवजी देवळात नेऊन ठेवले आणि ती गेली, तर तोही निसर्ग नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंशाच्या रुग्णाला उपचारापासून रोखणे गुन्हा ठरवले आहे, आणि त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला प्राण द्यावे लागले. पहिल्या प्रकारच्या दुःखाला लागणारे सांत्वन दुसऱ्या प्रकारच्या दुःखावर लावणे, हीच ती फसवणूक. खुनाला पावसासारखे सोसायला शिकवणे म्हणजे खुन्याला मदत करणे.

आता आपला पंचनामा

त्या संध्याकाळी ठेकेदार निघून गेल्यावर ती माउली भिंतीला टेकून बसली होती. बाहेरच्या खोलीत तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो. आतल्या खोलीत देव्हारा, त्यात टाक. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत हे असेच आहे, लपवून उपयोग नाही. ती आमच्याकडे बघून म्हणाली, "तीस वर्सं निवद दावला. गुरुवार सोडला न्हाई, मंगळवार सोडला न्हाई. येका दिशी तरी तेनं तोंड उघडावं का न्हाई?"

आमच्यातला एक तरुण साथी वाचलेला, तडफदार. तो पटकन म्हणाला, "मावशी, देव नाहीच. नाही तो बोलणार कसा?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. न्हाई तर न्हाई. मग बाबा, तुमी तरी बोला."

आम्हाला काही बोलता आले नाही.

त्या साथीचे वाक्य तर्काने बरोबर होते. २२ प्रतिज्ञांशी सुसंगत होते. पण किसागोतमी मेलेले लेकरू कडेवर घेऊन श्रावस्तीत तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला 'औषध नाही' एवढे सांगून वाटेला लावले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे सांगितले. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात तिला आपल्यासारखेच दुःख भेटले. सत्य तिला कोणी तोंडावर फेकून मारले नाही, ती चालत चालत त्याच्यापर्यंत गेली, आणि त्या चालण्यात तिला माणसे भेटली. आम्ही त्या आईला सत्य दिले आणि माणसे दिली नाहीत.

पुढचे दहा दिवस आम्ही खूप धावपळ केली. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद करून फाइल मिटवायची तयारी केली होती. आम्ही ठाण्यात ठिय्या दिला, निवेदने दिली, प्रेसनोट काढली, फोटो टाकले. हे काम गरजेचे होते, त्याबद्दल आम्हाला खंत नाही. पण या दहा दिवसांत त्या घरात संध्याकाळी जाऊन बसले कोण? शेजारच्या गल्लीतल्या सत्संगाच्या बाया. त्यांनी पिठलं-भाकरी आणली. लहान बहिणीला आंघोळ घातली. रात्री आई ओरडत उठायची तेव्हा एक जण तिच्याजवळ झोपायची. जलदान विधीच्या दिवशी आम्ही गेलो, तर ती माउली आम्हाला म्हणाली, "पुढच्या रविवारपासून मी बी जाणार हाय बायांसंगं."

आमच्या साथींना राग आला. "एवढं करून शेवटी तिकडेच!" पण ती देवाकडे गेली नव्हती. देव तर तीस वर्षे गप्प होता, हे तिनेच सांगितले होते. ती भाकरी आणणाऱ्यांकडे गेली होती.

मित्रांनो, हे आपल्याला झोंबले पाहिजे. देवाच्या गप्प बसण्यावर आपण व्याख्याने देतो. जयंतीला लाखोंचा डीजे लावतो. एका वस्तीत तीन गट, तीन बॅनर, तीन मिरवणुका. पण रात्री दोन वाजता कोणाच्या घरी माणूस गेला तर विहाराची चावी कोणाकडे आहे हे आपल्याला माहीत नसते. ज्या चळवळीने देव काढून टाकला तिने देवाच्या जागी समाज उभा करायचा होता. ती जागा रिकामी राहिली की तिथे कोणीतरी येणारच. बुवा येईल, बाबा येईल, पक्षाचा दादा येईल.

आणि ज्यांनी कोणाला आणले नाही त्यांनी काय केले? बाबासाहेबांनाच देव्हाऱ्यात बसवले. परीक्षेचा निकाल लागू दे, नोकरी लागू दे, पोराचे लग्न जमू दे म्हणून बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावणारी मंडळी आपल्यात आहेत. विभूतिपूजेच्या धोक्याबद्दल आयुष्यभर सावध करणाऱ्या माणसाकडे नवस! बाबासाहेब नवसाला पावणार नाहीत. तेही गप्पच राहणार आहेत, कारण त्यांना जे बोलायचे होते ते त्यांनी बोलून, लिहून आणि संविधानात नोंदवून ठेवले आहे. आपण ते वाचत नाही, हा आपला प्रश्न.

भरवसा ठेवायचाच तर

आम्हाला भरवसा नको असे नाही. पण ज्याला जाब विचारता येतो त्याच्यावर भरवसा ठेवावा. म्हणून काही गोष्टी पाठ करून ठेवा.

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूत कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम ३० लाख केली. पायाशी ठेवलेले पाकीट ही भरपाई नव्हे, आणि ते घेतले म्हणून हक्क जात नाही.

ॲट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही कलम ४ लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. तुमच्या जिल्ह्यात शेवटची केव्हा झाली, हे कधी विचारले आहे का? धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दवाखान्याच्या दारात "आता सगळं देवाच्या हातात" असे कोणी म्हणाले, तर आधी या खाटांचा तक्ता मागा.

आणि कायद्याइतकेच महत्त्वाचे दुसरे काम. प्रत्येक विहारात एक वही असावी : वस्तीत कोण आजारी, कोण बाळंतीण, कोणाच्या घरी कोण गेले. पाच जणांचे फोन नंबर भिंतीवर असावेत, रात्री उचलले जाणारे. मृत्यू झाला तर पहिले पंधरा दिवस त्या घरी रोज कोणीतरी जाऊन बसेल, स्वयंपाक कोणाकडून जाईल, मुलांना शाळेत कोण सोडेल, याची पाळी लागलेली असावी. तिथे गेल्यावर देव आहे की नाही यावर वाद घालू नये. तो वाद परिसंवादात घालावा, कीर्तनकाराशी घालावा, ठेकेदाराशी तर जरूर घालावा. शोकात बसलेल्या आईशी नाही. तथागतांनी मैत्री आणि करुणा शिकवली ती वंदनेत म्हणण्यापुरती नव्हती.

आम्ही हे आमच्या वस्तीत सुरू केले आहे. वही सुरू झाली. पाळ्या लागल्या. कधी चुकतात, भांडणे होतात, पण चालले आहे. त्या मुलाच्या मृत्यूचा गुन्हा शेवटी नोंदला गेला, खटला उभा राहतो आहे, भरपाईसाठी अजून चपला झिजवतो आहोत.

ती माउली काही महिने सत्संगाला गेली. हल्ली रविवारी विहारातही येते. देव्हारा अजून आहे. आम्ही त्याबद्दल विचारत नाही. मागच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीतल्या एका सफाई कामगाराचा अपघात झाला. त्याच्या बायकोजवळ रात्रभर कोण बसणार असे आम्ही विचारत होतो, तर ही सर्वात आधी उठली. जाताना एवढेच म्हणाली, "मला ठाऊक हाय, तिथं काय बोलायचं नसतं."

आमचा तो तडफदार साथी तिच्यामागून पिशवी घेऊन निघाला. पिशवीत भाकरी होत्या.

नमो बुद्धाय! जयभीम!